हलक्यात हलका

३ ऑगस्ट

धाकट्या,

अक्षर ओळखलंस ना? मीच आहे. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझ्याशी जन्मात बोलणार नाही असं मी म्हटलं होतं आणि ते मी मोडलेलं नाही. हे बोलणं नव्हे, लिहिणं आहे. लिहिणार नाही असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. तुला आठवत असेल तर पत्र इथेच मिटव.

पत्ता आत्याकडून घेतला. ती म्हणाली, तुझं दुकान आता दोन गाळ्यांचं झालंय, नवे लॅपटॉप विकतोस आणि जुने दुरुस्त करतोस. ऐकून बरं वाटलं. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसायचास आणि मग तो परत मिटायचा नाही. त्याचं शेवटी काहीतरी चांगलं झालं म्हणायचं.

काम असं आहे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत. त्यांना स्नायूंचा आजार झाला आहे. आधी जीभ जड झाली, मग हळूहळू आवाजच गेला. घशातून हुंकार येतो, शब्द येत नाही. डोकं अगदी स्वच्छ आहे, कान माझ्यापेक्षा तिखट. डावा हात गेल्यात जमा आहे, उजवा अजून चालतो. दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना बोलण्याच्या बाई म्हणतो. त्यांनी सांगितलं, आता व्यायामानं काही व्हायचं नाही, लॅपटॉप घ्या. त्यावर लिहिलं की तो मोठ्यानं वाचून दाखवतो. पण सवय आत्ताच व्हायला हवी. हात गेल्यावर पुढे नुसत्या डोळ्यांनी लिहिता येतं म्हणे, पण ज्यानं हातानं कधी लिहिलंच नाही त्याला ते फार जड जातं. उजवा हात थंडीपर्यंत टिकेल असा डॉक्टरांचा अंदाज आहे. तेव्हा घाई आहे.

इथल्या मोठ्या दुकानात जाऊन आले. विक्रेत्यानं विचारलं, "कशासाठी हवाय? ऑफिस, घर की गेम?" मी म्हटलं, "बोलण्यासाठी." तो म्हणाला, "मग कॅमेरा चांगला असलेला दाखवतो." त्यानं मला एकाच कंपनीची चार-चार घराणी दाखवली. ही घरगुती लाइन, ही ऑफिसची, ही गेमवाल्यांची, ही पातळ लाइन. प्रत्येकाच्या नावामागे आकडे आणि आकड्यामागे पुन्हा अक्षर. टेबलावर सगळे ओळीनं तोंड उघडून बसलेले. मी प्रत्येकावर हात ठेवून पाहिला, जसं काही हाताला कळणार होतं. बाहेर पडले तेव्हा एवढंच पक्कं झालं होतं की मला यातलं काही कळत नाही.

म्हणून तुला विचारते. कुठली लाइन घ्यावी? आवाज मोठा हवा. या गृहस्थांना हळू बोलायची सवय नाही. अक्षरं मोठी दिसायला हवीत, चष्मा आहे, तरी बारीक लिहिलेलं ह्यांना दिसत नाही. पंखा आवाज करणारा नको. बॅटरी टिकणारी हवी. आणि मुख्य म्हणजे हलका हवा. बजेट बेताचं आहे. त्यांची स्कूटर विकली, ते पैसे बाजूला ठेवले आहेत, त्यात बसायला हवं.

फोन करू नकोस. घर लहान आहे, सगळं सगळ्यांना ऐकू जातं.

न बोलणारी,
तुझी ताई


१८ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पत्र आलं. मी काही खुशाली विचारली नव्हती, तूही सांगितली नाहीस. बरोबरीत सुटलो.

तू लिहितोस, "गिऱ्हाईक आधी पैसे सांगतं, मग लाइन विचारतं आणि काम सगळ्यात शेवटी आठवतं. म्हणून फसतं. तू आधी काम सांग, पैशांचं नंतर बघू." आणि खाली प्रश्नांची ही मोठी रांग. हे तुझं दुकानातलं बोलणं मला आवडलं. घरात कधी इतकं नीट बोलला असतास तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. असो. उत्तरं देते.

किती वेळ लागणार, असं विचारतोस. दिवसभर. जागं झाल्यापासून झोपेपर्यंत. आपण किती वेळ बोलतो ते मोजून बघ, तेवढा वेळ.

कुठे ठेवणार? पलंगावर. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक कपाट, आणि खिडकी पलंगाच्या बरोबर समोर आहे. दुपारी उजेड सरळ तोंडावर येतो. तेव्हा आरशासारखा चमकणारा पडदा नको, नाहीतर त्यात स्वतःचंच तोंड बघत बसावं लागेल आणि ते त्यांना हल्ली आवडत नाही. आवाज खालच्या बाजूनं निघणारा नको. दुकानात मी बघितलं, बऱ्याच लॅपटॉपना पोटाखाली भोकं असतात. पांघरुणावर ठेवला की आवाज पांघरुणातच जिरायचा.

बटणं कशी हवीत? मऊ. बोटात जोर नाही. मोबाइल देऊन पाहिला, पण बोट नेमकं पडत नाही, एका अक्षराच्या जागी शेजारची तीन उठतात. मग ते मोबाइल गादीवर आपटतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

सध्या कसं भागतं, असंही विचारलं आहेस. हे लॅपटॉपसाठी लागतं का रे? सांगते. पाटी आहे, खडू आहे. पण अर्धा शब्द झाला की हात थकतो. परवा "पा" लिहिलं आणि हात खाली पडला. पाणी? मानेनं नाही. पंखा लावू? नाही. पाय चेपू? नाही. पाठ खाजवू? नाही. पाऊस, पावती, पाहुणे, पांघरूण, मला जेवढे "पा" येतात तेवढे सगळे म्हणून झाले. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी पुन्हा खडू घेतला आणि पूर्ण केलं. "पाटी नको." एवढंच म्हणायचं होतं, की ही पाटी नको.

तर असं भागतं.

बोलण्याच्या बाई म्हणाल्या, महिन्याभरात मशीन हातात यायला हवं. तू फार खोलात शिरू नकोस, परक्या माणसाचं काम आहे. हलक्यात हलका बघ आणि कळव.

ताई


६ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं खोकं आलं. आणणाऱ्या माणसानं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि जिना चढून त्याला धाप लागली होती. तेव्हाच मला शंका आली.

आत तुझी चिठ्ठी. "हलका देणार नाही. माझ्या हातून तरी नाही. दुकानातली सगळ्यात वरची लाइन आहे. पैसे पाठवू नकोस, पाठवलेस तर परत करीन."

तुला कुणी सांगितलं होतं वरची लाइन द्यायला? मी काय लिहिलं होतं? पहिल्या पत्रात लिहिलं, दुसऱ्यात लिहिलं, हलका हवा. हलका! वजनाला हलका, धाकट्या. किमतीला नव्हे, वजनाला. मराठी विसरलास की काय तिकडे? की तुमच्या दुकानात हलका म्हणजे एकच अर्थ असतो?

लोखंडाची पेटी पाठवलीस. बटणांखाली लाल-निळे दिवे नाचतात, खोलीची सर्कस झाली. चालू केला की थोड्या वेळानं आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा सुरू होतो. पडदा मोठा आहे, कबूल. आवाज मोठा आहे, कबूल. मी सांगितलेलं तेवढं ऐकलंस आणि ज्याच्यासाठी सगळं अडलं होतं तेवढं सोडून दिलंस.

पुढचं ऐक. हात वर करून धरता येत नाही, म्हणून लॅपटॉप छातीच्या वर, हाताला लागेल असा टांगता हवा. बाजारातला एक वेल्डर आहे, जुना दोस्त, त्यानं पलंगाला एक दांडा बसवून दिला. जाताना दारात डोळे पुसून गेला. त्या दांड्यावर आम्ही तुझी वरची लाइन बसवली. "क" लिहून झाला, मशीन बाईच्या आवाजात "क" म्हणालं. मी टाळी वाजवून रिकामं खोकं आवरायला वळले तेवढ्यात दांडा हळूच वाकला आणि सगळं ओझं ह्यांच्या छातीवर आलं.

लिहून गेले बघ. ह्यांच्या. खोडत होते, पण आता राहू दे.

गृहस्थ म्हणजे तुझे भाऊजी आहेत. ओळखीतले आहेत, ते काही खोटं नाही.

फार लागलं नाही. छातीवर काळंनिळं झालंय, ओरडता येत नसल्यामुळे मला लगेच कळलंही नाही, मी पाठमोरी खोकंच आवरत बसले होते. त्या गोष्टीचं मला जितकं रडू आलं तितकं आजाराचंसुद्धा आलं नव्हतं. हे मंडईत लिलावाचा पुकारा करायला उभे राहिले की शेवटच्या गाळ्यापर्यंत आवाज जायचा, आणि छातीवर एवढा बोजा पडला तर माझ्यापर्यंत पोचला नाही. पलंग आणि माझ्यामध्ये चार पावलांचं अंतर नव्हतं.

आता कळलं असेल तुला का सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत तू म्हणाला होतास, "ताईला हाच मिळाला का? बाजारात ओरडून पोट भरणारा हलका माणूस." सगळे ऐकत होते. हेही ऐकत होते, पाठमोरे, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांनी वळून पाहिलं नाही, पुढच्या माणसाला पाणी वाढलं. मी त्या दिवशी ठरवलं ते ठरवलं. मग आता तुला काय लिहू, की ज्याच्या ओरडण्याची तुला लाज वाटायची तो आता ओरडत नाही, खूश हो?

आणि खरं सांगू? आता ते हलके झाले आहेत. तुझ्या अर्थानं नाही, माझ्या अर्थानं. मी एकटी त्यांना पलंगावरून खुर्चीत ठेवते. पूर्वी भाजीचं पोतं एका हातानं फेकणारा माणूस. पहिल्या दिवशी उचलताना मी सगळा जोर लावला आणि मागे पडता पडता वाचले, कारण जोराची गरजच नव्हती.

खोकं परत पाठवते आहे. त्यांचा हात अजून आहे. मी दुसऱ्या दुकानात जाईन.

ताई


१७ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा स्वयंपाकघरात आणि एकदा जिन्यात बसून.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "सगळीकडे 'त्यांना' लिहिलंस आणि चष्म्याच्या ओळीत 'ह्यांना' लिहून गेलीस. ओळखीतल्या गृहस्थांना कुणी 'हे' म्हणतं का ताई?" इतकी सांभाळून लिहीत होते, कच्चा कागद आधी केला होता, मग पक्का केला. जन्मभर एकाच माणसाला "हे" म्हटलं की हाताला सवय लागते. आणि तूही मोठा शहाणा, कळलं तर तेव्हाच का लिहिलं नाहीस? "तू झाकत होतीस, म्हटलं झाकू दे." बरं.

बाकीचं तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवून ठेवते, कारण मला ते माझ्या हातानं लिहून बघायचं आहे. "तू हलका मागितलास, मला वाटलं टोमणा मारतेयस. दुसऱ्या पत्रात हलक्यात हलका आलं तेव्हा खात्रीच पटली. त्या माणसाला मी एकदा चारचौघांत हलका म्हणालो. आता त्याच्या छातीशी ठेवायला पुन्हा माझ्याच हातून हलकी वस्तू जाणार? हात धजेना. म्हणून सगळ्यात भारी उचलला. रोज लोकांना सांगतो, आधी गरज बघा, मग लाइन बघा, दिखाव्यावर जाऊ नका. आणि घरच्या माणसाच्या वेळी मीच दिखाव्यावर गेलो. छातीवर पडला ना ताई? मला झोप नाही."

मी टोमणा मारला नव्हता रे. मला तो शब्द लिहिताना पंगत आठवलीसुद्धा नव्हती. मला फक्त तो दांडा दिसत होता. आणि तुला फक्त पंगत दिसत होती. एकच शब्द, दोघांनी आपापल्या बाजूनं ओढला आणि मधल्यामध्ये ह्यांना मार बसला.

राग गेला म्हणत नाही. राग फार जुना आहे, त्याची मला सवय झाली आहे, तो गेला तर घरात काहीतरी हरवल्यासारखं वाटेल. पण कमी झाला. झोप घे.

खोकं अजून दाराशीच आहे, पाठवलेलं नाही. उचलवत नाही म्हणून.

तू विचारतोस, "येऊ का? पत्रातून लाइन निवडायची नाही ही, मापं घ्यायला हवीत. दांडा बघायला हवा, त्यांचा हात कुठवर पोचतो ते बघायला हवं." हे मी ठरवू शकत नाही. घर त्यांचं आहे, शब्दही त्यांनाच लागला होता. म्हणून काल मी त्यांना सगळं सांगितलं. तुझी पत्रं वाचून दाखवली, हलक्याचा घोळही सांगितला. खांदे हलले, हसले की काय कळलं नाही. मग पाटी मागितली. बराच वेळ खडू धरून बसले. "ये" लिहिलं. मग हात खाली पडला.

मी थांबले. पुढे काही येईल म्हणून थांबले. आलं नाही. आता हे "ये" पूर्ण आहे की पुढे अजून काही होतं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पूर्ण आहे असं मी धरून चालले आहे.

ये.

ताई


५ ऑक्टोबर

धाकट्या,

पोचलास का नीट? आता तू म्हणशील फोन कर. करीन. पण काही गोष्टी लिहिलेल्याच बऱ्या, शिवाय मला आता या कागदांची सवय लागली.

तू आलास तेव्हा दारात आपण कसे उभे होतो ते आठवून मला अजून हसू येतं. तू "ताई" म्हणायला तोंड उघडलंस आणि मी मान वळवून आत गेले, कारण मी बोलत नाही ना! मग दोन दिवस काय तमाशा चालला होता. तू पलंगाशी बसून म्हणायचास, "भाऊजी, ताईला म्हणावं, पाना कुठेय?" आणि मी दारातून म्हणायची, "म्हणावं, खिडकीत आहे." मध्ये बोलता न येणारा माणूस, आणि आम्ही दोघं त्याच्याकडून निरोप पाठवतोय. तू मापं घेतलीस, दांड्याला खालून आधार दिलास, पिशवीतून तो जुना काळा लॅपटॉप काढलास. मी मनात म्हटलं, एवढं करून हा कुणाचा तरी वापरलेला घेऊन आला!

मग तू ह्यांना समजावून सांगत होतास ते मी कपाटापाशी उभी राहून ऐकलं. ऑफिसच्या लाइनमधला आहे, एका कचेरीनं बदलून टाकलेला. ही लाइन दिसायला साधी, पण दिवसभर वापरायला केलेली असते. बटणं मऊ, पडदा न चमकणारा, आवाज वरच्या बाजूनं, पंखा जवळजवळ गप्प. बॅटरी नवी टाकली आहे. आणि वजनाला असा, की तू तो दोन बोटांत धरून दाखवलास. मग खाली बघत म्हणालास, "किमतीलाही हलका आहे, भाऊजी. स्कूटरच्या पैशांतून काही उरतील." कान लाल झाले होते तुझे. लहानपणी व्हायचे तसेच.

दांडा वाकला नाही. त्यांचं बोट किती सावकाश फिरत होतं, आणि आपण तिघं नुसते त्या बोटाकडे बघत बसलो होतो. मला वाटलं, पाणी मागतील. किंवा माझं नाव लिहितील. थोडी आशा होती, खोटं कशाला सांगू. आणि मशीन बाईच्या त्या खणखणीत आवाजात म्हणालं, "तुम्ही दोघं सरळ बोला. निरोप सांगून माझा घसा दुखतो."

इतक्या महिन्यांनंतरचं ह्यांचं पहिलं वाक्य. मी हसले की रडले ते मलाच माहीत नाही. तू तर तोंड फिरवून पाना शोधायला लागलास, आणि पाना तुझ्याच हातात होता.

तरी आपण बोललो नाही. बघ किती हट्टी.

आता तुला जे दिसलं नाही ते सांगते, त्यासाठीच हे पत्र. संध्याकाळी ह्यांना खुर्चीतून पलंगावर घ्यायचं होतं. मी पुढे झाले तर तू आधीच वाकला होतास. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. तूही माझ्यासारखाच जोर लावलास आणि माझ्यासारखाच मागे झोकांडलास. आणि त्यांना तसंच छातीशी धरून म्हणालास, "ताई, किती हलके झालेत गं."

मी म्हटलं, "मान सांभाळ."

एवढंच. इतक्या वर्षांनी आपण बोललो ते एवढंच. नंतर दोघांनाही कळलं आणि मग तू चहा मागितलास, सरळ मलाच.

पण तू त्यांना धरलं होतंस तेव्हा त्यांचं तोंड तुझ्या खांद्यावर होतं, माझ्या बाजूला. तुझ्या तोंडून तो शब्द निघाला, आणि मी त्यांच्याकडे बघितलं, कारण मला भीती वाटली. त्यांनी डोळे मिटले होते आणि ते हसत होते. ओठ आता नीट वळत नाहीत, पण मी ओळखते. तुझ्या सदऱ्यावर ओलं झालं होतं, ते तू लाळ समजून पुसलंस. ती लाळ नव्हती.

लोखंडाची पेटी घेऊन गेलास ते बरं केलंस. दाराशी जागा झाली.

तुझी, बोलणारी,
ताई


३ डिसेंबर

मेव्हणेबुवा,

तुझ्या ताईला माहीत नाही. ती खाली दूध आणायला गेली आहे. मशीनचा आवाज बंद करून लिहितो आहे. न बोलता लिहायचं तुमच्या घराण्याकडूनच शिकलो.

हात मागच्या महिन्यात गेला. आता डोळ्यांनी लिहितो. एकेका अक्षराकडे बघत थांबायचं. हातानं सवय झाली होती म्हणून जमलं. बोलण्याच्या बाईंनी दवाखान्यातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. तुझा लॅपटॉप गरम होत नाही. दांडा तसाच आहे.

मशीनमधल्या बाईचा आवाज मला आता आवडतो. वेल्डर आला होता, त्याला मी या आवाजात वांग्यांचा लिलाव करून दाखवला. एकवार, दोनवार, तीनवार. खाली रस्त्यावरच्या माणसानं मान वर करून पाहिलं.

ताईला रोज सकाळी नावानं हाक मारतो. ती म्हणते, शेजारीण बोलावते आहे असं वाटतं. पण येते.

एक गोष्ट सांगायची होती. पंगतीत तू म्हणालास ते मी ऐकलं होतं. बाजारात आम्ही मालाला हलका म्हटलं की त्याचा भाव पडतो, मग कुणी चांगला म्हणालं तरी चढत नाही. मला तसं झालं होतं. तिच्यासमोर कधी बोललो नाही. राग होता. फार वर्षं होता.

तिनं विचारलं तुला येऊ द्यायचं का, तेव्हा मी पाटीवर लिहायला घेतलं, "येऊ नको." पहिलं अक्षर झालं आणि हात खाली पडला. तिनं ते वाचलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी पुढचं लिहायला खडू पुन्हा उचलला नाही. थोड्या वेळानं उचलता आला असता.

तिला सांगू नकोस. तिला वाटतं मी बोलावलं होतं.

हल्ली श्वास पुरत नाही, परवा डॉक्टर छाती तपासून गेले. ताईला त्यांनी जिन्यात बोलावून सांगितलं. घर लहान आहे, मी ऐकलं.

ये. या वेळी शब्द पूर्ण आहे.